पेट्रोल महागलं, पण गाडी चालवण्याची हौस सुटत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंपावरचा आकडा वर सरकला की ओळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. मागणी साधारण एकच: गाडी कमी पिणारी हवी, पण चालवताना जांभया यायला नकोत. मला गाड्यांचं वेड आहे आणि पेट्रोलची वही लिहायची खोडही आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलता येतं. दर वेळी तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं.

मजा आणि ॲव्हरेज एकाच गाडीत मिळतं का? की दुधाची तहान ताकावर?

मिळतं. आणि याचा सगळ्यात चांगला दाखला पेट्रोलटंचाईतूनच आला आहे. १९५६ मध्ये सुएझ कालव्याचा पेच झाला, तेलाची वाट अडली आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. कमीत कमी पेट्रोलवर चार माणसं नेणारी गाडी करायचं काम गाड्यांचे रचनाकार अॅलेक इसिगोनिस यांच्याकडे आलं. १९५९ मध्ये मिनी बाजारात आली. लांबी जेमतेम ३ मीटर, इंजिन ८४८ सीसी, ताकद ३४ हॉर्सपॉवर. जागा वाचवायला इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली सरकवला आणि १० इंचांची चिमुकली चाकं गाडीच्या अगदी चार कोपऱ्यांत नेली.

यातलं काहीही मजेसाठी केलेलं नव्हतं. सगळी काटकसर. पण वजन कमी आणि चाकं कोपऱ्यांत, म्हणून गाडी वळणात अशी काही शिरायची की तिची थोडी ताकदवान आवृत्ती निघाली आणि तिने १९६४, १९६५ आणि १९६७ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. ज्या गोष्टीने पेट्रोल वाचलं, तिनेच मजा आणली. ती गोष्ट म्हणजे हलकेपणा.

मग शोरूममध्ये पहिला आकडा कुठला विचारायचा?

कर्ब वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. सेल्समन टचस्क्रीनचे इंच सांगत राहील, सांगू द्या. वजन त्याला बहुतेक पाठ नसतं, माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडतं.

थांबलेल्या गाडीला वेगात आणायला लागणारी ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते. दीड टनाच्या गाडीला एक टनाच्या गाडीपेक्षा दीडपट ऊर्जा लागते, आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन उडून जाते. तेच जादा वजन वळणात गाडीला बाहेर ओढतं, ब्रेक मारल्यावर नाक खाली घालायला लावतं, टायर झिजवतं. माझदा एमएक्स-५ च्या २०१५ पासूनच्या पिढीचं दीड लिटर मॉडेल सुमारे १,००० किलोचं आहे. सुझुकी स्विफ्ट स्पोर्टची १.४ लिटर टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारी) आवृत्ती त्याहूनही किंचित हलकी, तीही पाच दारं आणि मागे बसायला जागा असताना. या दोन गाड्या चालवलेला माणूस दोन टनांच्या गाडीतल्या ३०० हॉर्सपॉवरबद्दल फार उत्साहाने बोलत नाही.

हॉर्सपॉवर किती पुरे?

एका टनामागे ८० ते १०० असली तर रोजच्या रस्त्यावर काही अडत नाही. १२० च्या वर गेली की गाडी खरोखर चपळ वाटते. १९७० च्या दशकातली पहिली गोल्फ जीटीआय आठवा: ११० हॉर्सपॉवर आणि वजन ८०० किलोंच्या आसपास. आज ११० हॉर्सपॉवर ऐकून कुणी मान वळवून बघणार नाही, पण ‘हॉट हॅच’, म्हणजे छोटी पण चपळ हॅचबॅक, हा प्रकार त्या गाडीने घराघरांत नेला.

शिवाय कमी ताकदीच्या गाडीचा एक छुपा फायदा आहे. तिच्यात तुम्ही ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू शकता, गिअर पूर्ण खेचू शकता आणि तरीही वेगमर्यादेच्या आत राहता. ताकदवान गाडीत दुसऱ्या गिअरमध्येच कायदा मोडतो, मग उरलेला रस्ता तुम्ही तिला आवरत बसता.

१० चं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीऐवजी १२ वाली घेऊन काय मोठा फरक पडणार? २० वरून २५ वर गेलो तरच अर्थ आहे ना?

उलट आहे, आणि इथे भलेभले चकतात. आपण लिटरमागे किलोमीटर मोजतो, पण खिशातून जातात ते लिटर. म्हणून उलटा हिशेब करा: महिन्याला १,००० किलोमीटरला किती लिटर लागतात?

८ चं ॲव्हरेज असेल तर १२५ लिटर. १० झालं की १०० लिटर. फक्त दोनाचा फरक, वाचले २५ लिटर. आता २० वाली गाडी घ्या: ५० लिटर. २५ वाली: ४० लिटर. पाचाचा फरक, वाचले फक्त १०. तुमच्या प्रश्नातली उडी, १० वरून १२, सुमारे १७ लिटर वाचवते, म्हणजे २० ते २५ च्या उडीपेक्षा जास्तच.

यातून हौशी माणसासाठी फार चांगली बातमी निघते. १८ देणारी गमतीदार गाडी आणि २२ देणारी निरस गाडी यांच्यात महिन्याला साधारण १० लिटरांचा फरक पडतो. पण ९ देणारी थोराड गाडी सोडून १८ वर आलात तर ५५ लिटर वाचतात. शेवटचा एक-दोन किलोमीटर पिळून काढायला मजा विकू नका. मोठी बचत आधीच खिशात पडलेली असते.

आताची गाडी विकून नवी घेणं परवडेल का?

हिशेब लिटरमध्ये करा. समजा वर्षाला १०,००० किलोमीटर होतात, आताची गाडी १२ देते, नवी १८ देईल. ८३३ लिटरांवरून ५५६ वर आलात, वर्षाला २७७ लिटर वाचले. आता जुनी विकून वर घालावी लागणारी रक्कम आजच्या पेट्रोलच्या दराने भागा. उत्तर २,००० लिटर आलं तर फिटायला सात वर्षं लागतील. कर्जाचं व्याज आणि जादा विमा धरला तर आणखी. पेट्रोल महागत गेलं की हाच आकडा आपोआप खाली येतो, म्हणून लिटरमध्ये मोजलेला बरा. दर बदलला की एक भागाकार, काम झालं.

बहुतेक वेळा उत्तर ‘नुसत्या पेट्रोलसाठी बदलू नका’ असंच येतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गाडी बदलायचीच वेळ आली असेल, किंवा आताची चालवून खरंच जीव विटला असेल, तर मात्र पुढे वाचा.

कंपनी सांगते तेवढं ॲव्हरेज खरंच मिळतं का?

क्वचित. चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या आलेखाबरहुकूम होते. युरोपातली जुनी एनईडीसी चाचणी इतकी मवाळ होती की २०१७ पासून तिच्या जागी डब्ल्यूएलटीपी आणावी लागली. ती जास्त लांब आणि जास्त वेगाची आहे, त्यामुळे आकडा सत्याच्या जवळ आला. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच चाचणीचे आहेत ना, एवढं मात्र बघा.

डॅशबोर्डवरचा आकडाही आशावादी असतो. खरा आकडा जुन्याच पद्धतीने मिळतो: टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा ‘टक्’ करून थांबलं की थांबा, ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या ‘टक्’पर्यंत भरा आणि किलोमीटरना लिटरने भागा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, चार-पाच टाक्यांची सरासरी घ्या.

माझ्या ग्लव्हबॉक्समध्ये यासाठी एक छोटी डायरी आणि पेन्सिल असते. पेन्सिलच, कारण उन्हात तापलेल्या गाडीत पेन गळतं. तारीख, किलोमीटर, लिटर, बस्स. एकदा सलग दोन टाक्यांना आकडा १७ वरून १४ वर घसरला. इंजेक्टर, स्पार्क प्लग, काय काय मनात आलं. मेकॅनिकने गाडी जॅकवर घेतली आणि हाताने मागचं डावं चाक फिरवलं. अर्धा फेरा झाला आणि चाक कुरकुरत थांबलं. ब्रेक अडकला होता, मी दोन महिने ब्रेक लावूनच फिरत होतो. वही नसती तर रिम तापून वास येईपर्यंत कळलं नसतं.

छोटं टर्बो इंजिन घ्यावं की बिनटर्बोचं?

कागदावर टर्बो जिंकतं. एक लिटरचं तीन सिलिंडर इंजिन हळू चालवलं तर खरंच कमी पितं, आणि कमी आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला कमी फेरे असतानाच) टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, मिळतो म्हणून गाडी दमदार वाटते. फोक्सवॅगन अप जीटीआय याचं गोड उदाहरण: एक लिटर, ११५ हॉर्सपॉवर, सुमारे १,००० किलो. पण टर्बोवर सतत जोर दिला तर इंजिन थंड ठेवण्यासाठी मिश्रणात जादा पेट्रोल ओतलं जातं आणि कागदावरची बचत धुरात जाते. तुमचा पाय जड असेल तर दोन्हींचं बिल सारखंच येईल.

माझा कल बिनटर्बोच्या हलक्या इंजिनाकडे आहे. पाय जेवढा दाबाल तेवढंच आणि तत्काळ उत्तर येतं, आरपीएमबरोबर आवाज चढत जातो. हा आवडीचा भाग झाला, वाद घालू नये.

हायब्रिड म्हणजे कंटाळाच ना?

१९९७ मध्ये टोयोटाची पहिली प्रियस, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेली गाडी, आली तेव्हापासून हा शिक्का बसला आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. बऱ्याच हायब्रिडमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एका सुरात ओरडतं आणि वेग मागून सावकाश येतो. पण होंडाने २०१० मध्ये सीआर-झेड ही सहा गिअरची मॅन्युअल हायब्रिडही काढून दाखवली होती, आणि अलीकडच्या सिव्हिक हायब्रिडचं स्टेअरिंग अनेक ‘स्पोर्टी’ गाड्यांपेक्षा बोलकं आहे.

हायब्रिडचा फायदा थांबत-निघत चालणाऱ्या रहदारीत दिसतो, कारण ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत परत घेते. एकसारख्या वेगात महामार्गावर जाताना परत घ्यायला फारसं काही नसतंच. म्हणजे तुमचे बहुतेक किलोमीटर शहरातले असतील तर हायब्रिड. सगळे महामार्गावरचे असतील तर हलकी, खाली बसलेली पेट्रोल गाडी जवळपास तितकंच देईल.

आणि डिझेल?

लांबचे प्रवास रोज असतील तरच. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के जास्त ऊर्जा असते, टॉर्कही भरपूर. पण इंजिन जड, ते नाकावर बसतं, आणि छोट्या-छोट्या फेऱ्यांत धुराच्या नळीतला काजळीचा फिल्टर तुंबतो.

इलेक्ट्रिक घेतली तर पेट्रोलचा प्रश्नच मिटला, नाही का?

पेट्रोलचा मिटला. रात्री घरी चार्जिंगची सोय असेल आणि रोजचं अंतर ठरलेलं असेल तर हिशेबात तिला हरवणं कठीण आहे. सिग्नल सुटल्यावर पहिल्या क्षणापासून मिळणारा टॉर्क हीसुद्धा एक वेगळीच नशा आहे.

अडचण पुन्हा वजनाची. बॅटरीच शेकडो किलोंची. मात्र ती जमिनीलगत असते, त्यामुळे वळणात गाडी फार कलत नाही. मला इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये छोट्या बॅटरीच्या छोट्या गाड्याच गमतीच्या वाटतात. २०२० च्या सुमाराची इलेक्ट्रिक मिनी एका चार्जमध्ये फार लांब जायची नाही, पण ३२.६ किलोवॉट-तासांची बेताची बॅटरी असल्याने वजन १,४०० किलोंच्या आत राहिलं. वर्षातून दोनदा होणाऱ्या लांबच्या प्रवासासाठी रोज दोन-तीनशे किलो जादा बॅटरी वाहायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

पूर्वी मॅन्युअल हमखास जास्त द्यायची. आता आठ-नऊ गिअरची ऑटोमॅटिक अनेकदा तिच्या पुढे जाते. तेव्हा हा निर्णय मजेवर घ्या: योग्य क्षणी बसलेला गिअर तुम्हाला सुखावतो की ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून गुडघा दुखतो?

मोठे अलॉय आणि रुंद टायर घ्यावेत का?

नको. चाक जड झालं की फिरवायला, थांबवायला जास्त ऊर्जा लागते, रुंद टायरला हवाही जास्त अडते आणि नवे टायर घेताना घाम फुटतो. २०१२ मध्ये टोयोटाने जीटी८६ ही स्पोर्ट्स गाडी आणली तेव्हा तिला मुद्दाम प्रियसवर मिळणाऱ्या प्रकारचे टायर दिले होते. पकड जरा कमी, म्हणून गाडी कमी वेगातच किंचित घसरू लागते आणि चालवणाऱ्याला खेळवते. शोरूममध्ये एक इंच लहान चाकाचं मॉडेल असेल तर तेच मागा. दिसायला थोडं भुंडं दिसतं, हे कबूल.

मजेत चालवली की ॲव्हरेज मरणारच ना?

‘मजा’ म्हणजे काय त्यावर आहे. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत रेस आणि मग करकचून ब्रेक, ही मजा असेल तर हो, मरेल.

पण कमी ताकदीची गाडी वेगात ठेवण्याची एक कला आहे. हातात ताकद नाही म्हणून मिळालेला वेग जपायचा. पुढे वळण दिसलं की लवकर पाय उचलायचा, गिअरमध्येच गाडी मंदावू द्यायची, वळणात शिरण्याआधी गिअर पाडून ठेवायचा, स्टेअरिंग एकदाच आणि सावकाश फिरवायचं, आणि रस्ता सरळ होताना दिसला की पाय पुन्हा खाली. ब्रेकला जवळपास हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. चांगला जमलेला घाट उतरून आल्यावर ब्रेक थंड असतात आणि चेहऱ्यावर हसू असतं. पेट्रोल इंजिनात वाया जात नाही तेवढं ब्रेकमध्ये जातं, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण तुमच्या हातातली बचत सगळी तिथेच आहे.

आणखी एक गैरसमज: हळूहळू, कासवासारखा वेग वाढवला की पेट्रोल वाचतं. पेट्रोल इंजिनाला अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपेतून, हवा ओढायचे कष्ट पडतात. बऱ्यापैकी दाबून, लवकर गिअर बदलत हव्या त्या वेगाला पोहोचलात आणि मग शांत राहिलात तर नुकसान काहीच नाही.

महामार्गावर मात्र खेळ वेगळा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० ऐवजी १२० ने गेलात तर तो पावणेदोन पटीहून जास्त होतो. सरळ रस्त्यावर १२० ने जाण्यात मजाही नसते. तिथे ९० धरा, वाचलेलं पेट्रोल वळणांत उडवा.

उतारावर न्यूट्रल करावं का?

करू नये. गिअरमध्ये असताना पाय पूर्ण उचलला की आजची इंजिनं पेट्रोल पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थेंब-थेंब लागतंच, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल?

मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तर टाका. नसेल तर पैसे ठेवा खिशात.

टेस्ट ड्राइव्हला काय बघायचं?

म्युझिक बंद, सेल्समनला विनंती करून तोही जरा बंद. मग खडबडीत रस्ता आणि एखादा गोल चौक शोधा. चौकात तिसऱ्या गिअरमध्ये, बेताच्या वेगात जा. स्टेअरिंग फिरवताच नाक वळतं, की आधी बॉडी कलते आणि मग गाडी विचार करते? ४० च्या वेगात गाडी काही बोलते का, हे महत्त्वाचं. रोजचं आयुष्य त्याच वेगात जातं. जी गाडी १४० ला गेल्यावरच जिवंत होते ती तुम्हाला वर्षातून एकदा भेटेल. बसल्यावर कंबर जमिनीच्या किती जवळ आहे तेही बघा. उंच एसयूव्हीमध्ये ६० म्हणजे ६० च वाटतात, खाली बसलेल्या गाडीत तेच ८० वाटतात, आणि ही जादा मजा फुकट आहे.

सेकंडहँड घेतली तर?

हौशी माणसासाठी बहुतेक वेळा तेच शहाणपणाचं. एकच सांगतो: गमतीदार गाडी कुणीतरी आधी गमतीनेच चालवलेली असते. चढावर वरच्या गिअरमध्ये रेस करून क्लच घसरतो का बघा, चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले आहेत का बघा, आणि कुणी सायलेन्सर किंवा इंजिनाच्या सेटिंगशी खेळलं असेल तर दुसरी गाडी शोधा.

बदलायचीच नसेल तर आहे त्याच गाडीत काही करता येईल?

पुष्कळ. टायरची हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. व्हील अलाइनमेंट. वापरात नसलेला टपावरचा कॅरिअर काढून टाका, तो रिकामा असतानाही हवा अडवतो. सस्पेन्शनची झिजलेली बुशं (सांध्यांतले रबरी तुकडे) बदलली की सात-आठ वर्षांची गाडी अचानक तरुण होते, आणि हा खर्च नव्या गाडीच्या पहिल्या हप्त्याइतकाही नसतो.

आणि डिकी उघडा. मी मागच्या महिन्यात माझी रिकामी केली: पाण्याचे दोन भरलेले कॅन, जुनी बॅटरी, एका पायाची सँडल, बॅडमिंटनच्या तीन रॅकेटी, आणि देऊन टाकायच्या म्हणून दोन वर्षांपूर्वी बांधलेल्या पुस्तकांची खोकी. वजनकाट्यावर ठेवलं तर सगळं मिळून ४१ किलो भरलं.